टेलिफोनवाल्या बेलच्या पुस्तकात पिवळं पान कशाला? – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचं बालवाचनालय म्हणजे एक पत्र्याची पेटी. वर्धा आणि यवतमाळ जिल्ह्यांच्या शिवेवरच्या गावांतून ती फिरते. कधी एसटीनं, कधी कोणाच्या मोटरसायकलवर. पेटीतल्या एकाच चित्रपुस्तकाबद्दल इतकी विचारणा होते की शेवटी उत्तरं लिहून काढली. प्रश्न पालकांचे, जिल्हा परिषद शाळेतल्या मास्तरांचे, अंगणवाडीताईंचे आणि पोरांचे. विचारणाऱ्याची भाषा शक्य तिथं तशीच ठेवली आहे.

१. बेलच्या पुस्तकात मधातच हे पिवळं पान काहून चिपकवलं?

कारण गोष्टीतून तेवढं पान गळलं होतं. चित्रपुस्तक बहुधा ३२ पानांचं असतं. तेवढ्या जागेत ७५ वर्षांचं आयुष्य बसवायचं तर काटछाट आलीच, त्याबद्दल तक्रार नाही. पण अलेक्झांडर ग्रॅहम बेलच्या गोष्टीत कात्री नेमकी एकाच जागी चालते. एडिंबरातलं बालपण राहतं, १८७६ मधली तार आणि शेजारच्या खोलीतला मदतनीस वॉटसन राहतो, शेवटी पांढऱ्या दाढीचा आजोबा भलेमोठे पतंग उडवतो. बधिर मुलं एकाच चित्रात आहेत आणि तिथं ती मान वर करून त्याच्याकडे बघत आहेत. ही मुलं मोठी झाल्यावर त्याच्याबद्दल काय म्हणाली, हे पुस्तकात कुठंच नाही. पिवळ्या पानावर आम्ही तेच लिहिलं आहे, अकरा ओळींत.

२. बेल तर बधिर मुलांचा मास्तर होता. मग त्यांचं बिघडवलं काय त्यानं?

मास्तर होता, आणि मेहनती होता. कोणत्या ध्वनीला जीभ-ओठ कुठं जातात हे दाखवणारी एक लिपी त्याच्या वडिलांनी तयार केली होती. ती घेऊन बेल १८७१ पासून बोस्टनमध्ये बधिर मुलांना बोलायला शिकवू लागला. टेलिफोनही त्याच वाटेवर सापडला. १८७४ मध्ये त्यानं मेलेल्या माणसाचा कान, आतल्या पडद्यासकट, एका यंत्रावर बसवला. त्यात बोललं की पडदा थरथरायचा आणि त्याला जोडलेली गवताची काडी काजळी धरलेल्या काचेवर रेघ ओढायची. आपला आवाज बधिर मुलांना डोळ्यांनी दिसावा, हा त्यामागचा हेतू. (हे पान वाचलं की पोरं घरी जाऊन फक्त ‘मेलेला कान’ एवढंच सांगतात. पालकांनी तयारी ठेवावी.)

बोलायला शिकवलं यावर कोणाचा राग नाही. राग आहे तो पुढच्या गोष्टींवर: शाळेतून खुणांची भाषा जावी, बधिर शिक्षक नकोत, बधिर मुलांच्या निवासी शाळा नकोत, आणि बधिरानं बधिराशी लग्न करू नये, असं त्याचं मत होतं. असं मत एखाद्या गावच्या मास्तरचं असतं तर गावातच राहिलं असतं. बेलचं नाव जगभर झालं होतं, हाताशी पैसा होता, संस्था होत्या, त्यामुळे ते दूरवर गेलं. लग्नाबद्दल प्रश्न ४ मध्ये, खुणांबद्दल ५ मध्ये आहे.

३. त्याची माय बहिरी, बायको बहिरी. असा माणूस बधिरांच्या वाईटावर कसा असेल?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि विचारणाऱ्याचं चुकतंय असं मला वाटत नाही. बेलनं वाईट चिंतलं असं आम्हीही म्हणत नाही.

आई एलायझाला फार कमी ऐकू यायचं. घरात गप्पा रंगल्या की लहानगा बेल तिच्याजवळ बसून दोन हातांच्या बोटांनी अक्षरं करून तिला सगळं सांगायचा. ब्रिटनमधली ही दोन हातांची मुळाक्षरं आणि आपल्या भारतीय सांकेतिक भाषेतली इंग्रजी मुळाक्षरं एकाच घराण्यातली आहेत. म्हणजे एडिंबराच्या त्या दिवाणखान्यात बेल जे करत होता, तसलंच काहीसं आज आपल्याकडची बधिर मुलं बसस्टँडवर करताना दिसतात.

बायको मेबल लहानपणी आलेल्या तापानंतर बधिर झाली. ती ओठ वाचायची, बोलायची. बेलची विद्यार्थिनी होती. १८७७ मध्ये लग्न झालं तेव्हा बेलनं आपल्या टेलिफोन कंपनीतले दहा सोडून सगळे शेअर तिच्या नावावर केले. मेबल हुशार होती, आणि घरची श्रीमंत होती: शिकवायला माणसं होती, वेळ होता. तिला जे जमलं ते प्रत्येक बधिर मुलाला जमेल, असं बेलनं धरलं. आमच्या मते चूक तिथून सुरू झाली. घरातल्या एका माणसावरून त्यानं सगळ्यांचा हिशेब मांडला.

आमच्या वाचनगटात एक बधिर मुलगी आहे. हे पुस्तक पाहून तिनं बोट मेबलच्या चित्रावर ठेवलं, मग कानाला मोबाइल लावल्याची खूण केली आणि तळहात उलटा करून भुवया उडवल्या: फोन वाजला की ही काय करायची? नवऱ्याच्या यंत्रातून मेबलला कधीच काही ऐकू आलं नाही, हे वाक्य त्यानंतर पिवळ्या पानावर पहिलं आलं.

४. लग्नाचं काय लिहिलं होतं त्यानं?

१८८३ च्या नोव्हेंबरात बेलनं अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीपुढे एक निबंध वाचला. मथळ्याचं मराठी करायचं तर ‘मानवजातीचा एक बधिर वाण तयार होण्याविषयी’. वाण हा शब्द मी मुद्दाम घेतला आहे. कपाशीचा वाण म्हटलं की आपल्याकडे पोरांनाही कळतं. बधिर मुलं एकाच शाळेत राहतात, एक भाषा बोलतात, मोठेपणी एकमेकांशीच लग्न करतात. असंच चाललं तर माणसाचा वेगळा बधिर वाण निघेल, अशी त्याला भीती होती. कायद्यानं अशी लग्नं बंद करावीत का, याचाही त्यानं विचार केला, पण त्यातून भलतंच काही होईल म्हणून त्यावर भर दिला नाही. त्याऐवजी मुलांना विखरून टाका, ऐकणाऱ्या मुलांत बसवा, खुणा आणि बधिर शिक्षक काढा, असं सुचवलं.

त्याच १८८३ मध्ये इंग्लंडात फ्रान्सिस गाल्टननं ‘युजेनिक्स’ हा शब्द काढला. मराठीत सुप्रजननशास्त्र म्हणतात. नाव गोंडस आहे, पण कोणी जन्मावं आणि कोणी नाही हे दुसऱ्यानं ठरवायचं, असा त्याचा रोख. १९२१ मध्ये न्यूयॉर्कला या विषयाची दुसरी आंतरराष्ट्रीय परिषद भरली, तिचा मानद अध्यक्ष बेल होता.

पोरांना सांगताना दोन टोकं टाळा. बेलनं त्या निबंधात बधिरांची नसबंदी करा असं म्हटलं नव्हतं. तसं सांगू नका. आणि ‘तो काळच तसा होता’ असंही म्हणून सोडू नका. त्याच काळात त्याच देशातले बधिर लोक त्याला लेखी आणि जाहीर विरोध करत होते. बधिर शिक्षक जॉर्ज व्हेडिट्झनं तर १९१३ मध्ये चक्क फिल्मवर, खुणांच्या भाषेत भाषण करून ती भाषा जपण्याची हाक दिली. ती फिल्म आजही पाहता येते.

५. मिलान म्हणजे काय? पिवळ्या पानावर नुसतं नाव आहे.

इटलीतलं शहर. १८८० च्या सप्टेंबरात तिथं बधिरांच्या शिक्षणावर परिषद भरली. दीडशेहून जास्त प्रतिनिधी, त्यांत बधिर एक. शाळांत तोंडी पद्धतच (खुणा न करता, बोलून आणि ओठ वाचून शिकवायची) चालावी, असा ठराव झाला. त्यानंतर कितीतरी देशांत बधिर शिक्षकांच्या नोकऱ्या गेल्या आणि मुलांचे हात थांबवले गेले. हा ठराव बेलनं केला नाही, पण अमेरिकेत त्याच मताचा सगळ्यात वजनदार माणूस तो होता. २०१० मध्ये कॅनडातल्या व्हँकुव्हरला भरलेल्या बधिर-शिक्षणाच्या परिषदेनं मिलानचे ठराव नाकारले आणि झाल्या नुकसानीबद्दल खेद व्यक्त केला. मध्ये १३० वर्षं गेली.

६. ओठ वाचता येतात ना? मग हातवारे कशाले पाहिजेत?

आरशापुढे उभे राहा आणि आवाज न काढता म्हणा: पाय, बाय, माय. तिन्ही वेळा ओठ सारखेच हलतात. प, ब, म डोळ्यांना एकच. क, ग, घ तर घशात होतात, ते दिसतच नाहीत. ओठ वाचणारा माणूस निम्मं बघतो आणि निम्मं अंदाजानं भरतो. भाषा आधीच येत असेल तर अंदाज बरोबर येतो. ज्या लेकराला कोणतीच भाषा मिळालेली नाही, ते कशाच्या आधारानं अंदाज करणार?

पेटीचं कापडी कव्हर शिवून घ्यायला मी बाजाराच्या गावी एका टेलरकडे गेले होते. साठीतला माणूस, जन्मापासून बधिर. माझ्या हातातलं बेलचं पुस्तक त्यानं चाळलं. बेल एका मुलाचा हात स्वतःच्या गळ्यावर ठेवतो, त्या चित्रावर थांबला. मग कापडाच्या कटिंगमधून कागदाची एक पट्टी उचलून तोंडापुढे धरली आणि ‘प’ म्हटलं. पट्टी उडाली. पुन्हा ‘प’, पुन्हा उडाली. मग शिलाईच्या खडूनं टेबलावर लिहिलं: ‘प – ६ महिने’. खडू ठेवून दोन्ही हात पाठीमागे धरून दाखवले. वर्गात असं बसावं लागायचं, खुणा करू नये म्हणून. शाळा कोणती ते लिहीत नाही. तेव्हा बहुतेक शाळा तशाच होत्या.

त्यानं कव्हर फार छान शिवलं. मापं आम्ही दोघांनी हातानंच ठरवली.

७. मग घरच्या खुणा आणि सांकेतिक भाषा एकच का?

नाही. कपाळाशी दोन बोटं उभी केली की बैल, आणि त्यावर हार घातल्याची खूण केली की पोळा. बोंडातून कापूस वेचल्यासारखं केलं की शेतात गेली. अशा खुणा घराघरांत तयार होतात आणि कामापुरत्या चालतात. पण ‘परवा गेले असते पण पाऊस आला’ हे त्यांत सांगणं अवघड. भारतीय सांकेतिक भाषेला स्वतःचं व्याकरण आहे. ती मराठीची नक्कल नाही. दिल्लीत २०१५ मध्ये तिच्यासाठी राष्ट्रीय संशोधन व प्रशिक्षण केंद्र झालं आणि त्यांच्या शब्दकोशात २०२१ पर्यंत दहा हजार शब्द आले. व्हिडिओ फुकट बघता येतात. रेंज असेल तर.

ऐकणाऱ्यांनाही ही भाषा येऊ शकते का, असं काही जण पुढे विचारतात. अमेरिकेच्या मार्थाज व्हिनयार्ड बेटावरच्या चिलमार्क गावात साधारण २५ माणसांमागे एक जन्मतः बधिर होता, आणि सगळं गावच खुणा करायचं: मासेमार, दुकानदार, सगळे. गंमत म्हणजे बेल स्वतः त्या बेटावरच्या वंशावळी तपासायला गेला होता.

८. मुका, बहिरा, मूकबधिर, कर्णबधिर – म्हणायचं काय?

‘मुका’ नको. बहुतेक बधिर माणसांच्या गळ्याला काहीच झालेलं नसतं, आणि ज्याला भाषा आहे तो मुका नसतो. ‘मूकबधिर’ जुन्या शाळांच्या पाट्यांवर राहिलं आहे. सरकारी कागदावर कर्णबधिर असतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दोन्ही कानांना ७० डेसिबलचा दोष असेल तर बधिर, ६० ते ७० असेल तर कमी ऐकू येणारा. हा यूडीआयडी कार्डापुरता, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्रापुरता हिशेब. आमच्या ओळखीचे लोक स्वतःला बधिर म्हणतात आणि त्यात लाजण्यासारखं काही मानत नाहीत, म्हणून आम्हीही बधिर म्हणतो. प्रश्नांत ‘बहिरी’ आलं तिथं आम्ही बदललं नाही, विचारणाऱ्याचा शब्द आहे तो.

खरं नाव मात्र खुणेचं. गटातल्या मुलीला गावात ‘मुकी’च म्हणायचे. तिनं मला खुणेचं नाव दिलं आहे: नाकावर घसरलेला चष्मा वर ढकलणं. आता सगळी पोरं मला तसंच बोलावतात, पाठमोरी असले की गोंधळ होतो.

९. गटात बधिर मूल असेल तर पुस्तक वाचून दाखवायचं कसं?

ऐकणारं मूल एकाच वेळी चित्र बघतं आणि ऐकतं. बधिर मुलाला दोन्ही डोळ्यांनीच करायचं असतं, त्यामुळे एका वेळी एकच. आधी पान दाखवा आणि गप्प बसा, पोटभर बघू द्या. त्यानं मान वर केली की सांगा. सांगताना पुस्तकावर बोट नाचवू नका. वेळ दुप्पट लागतो. बाकीची पोरं पहिल्या आठवड्यात कुरकुरतात, नंतर त्यांनाही चित्रातलं जास्त दिसायला लागतं.

खिडकीकडे पाठ करून बसू नका, तुमचा चेहरा काळा पडतो. पुस्तक तोंडापुढे नको, छातीशी धरा. संध्याकाळी लाइट गेली तर मोबाइलचा टॉर्च चेहऱ्यावर घ्यायला कोणाला तरी बसवा, नाही तर त्या मुलासाठी गोष्ट तिथंच संपते. मिशीवाल्या मास्तरांनी मिशी थोडी कापावी, हे मी गमतीत म्हणत नाही.

१०. पोट्ट्यायले हे समदं सांगाची गरज काय हाय? लहान हायत.

सगळं एकदम सांगायचंच नाही. पहिली-दुसरीला आईच्या हातावरची अक्षरं आणि मेबलचा न वाजणारा फोन पुरे. तिसरी-चौथीला आरशाचा खेळ (प्रश्न ६). निबंध आणि वाण पाचवीच्या पुढे. एक लक्षात ठेवा, ज्या वर्गात बधिर मूल आहे तिथं ‘बेलनं बधिरांना सुधारलं’ हे वाक्यही त्याच्या वयाला झेपणारं नसतं, ते मात्र आपण बिनदिक्कत वाचतो.

११. डॉक्टर म्हणतात नात्यात लग्न केलं की बहिरी लेकरं होतात. मग बेल बरोबरच होता ना?

अवघड प्रश्न, आणि आपल्याकडे मामाच्या पोरीशी लग्न होतं म्हणून खराखुरा. जवळच्या नात्यात लग्न झालं तर आई आणि बाप दोघांकडून एकच लपलेला दोष येण्याची शक्यता वाढते, हे खरं आहे. पण दोन बधिर माणसांचं लग्न ही वेगळी गोष्ट. बधिरपणाची कारणं अनेक: वेगवेगळी जनुकं, गरोदरपणातला रुबेला, मेंदूज्वर, जन्मानंतरची तीव्र कावीळ, काही इंजेक्शनं, फुटका कान. दोघांची कारणं वेगळी असतील तर लेकरू बहुधा ऐकणारं होतं. आणि बहुतेक बधिर मुलं ऐकणाऱ्या आईबापांच्या पोटीच जन्मतात. मेंडेलचे आनुवंशिकतेचे नियम शास्त्रज्ञांच्या नजरेत पुन्हा आले ते १९०० मध्ये. बेलच्या निबंधाला तो आधारच नव्हता.

सल्ला देणं आणि एका समाजाची शाळा-भाषा मोडणं यांतलं अंतरही बघा. डॉक्टर तुम्हाला माहिती देतो, निवड तुमची राहते.

१२. हेलन केलर तर बेलला फार मानायची. तिचं काय?

मानायचीच. १८८६ मध्ये सहा वर्षांच्या, अंध आणि बधिर हेलनला घेऊन वडील बेलकडे गेले, त्यानं त्यांना बोस्टनच्या पर्किन्स शाळेला विचारायला सांगितलं, तिथून ॲन सलिव्हन ही शिक्षिका आली. हेलननं १९०३ मधलं आत्मचरित्र बेललाच अर्पण केलं. हे सगळं पुस्तकात राहू द्या. फक्त हेलनला ‘पाणी’ कळलं ते तळहातावर बोटांनी लिहिलेल्या अक्षरांनी, हे सांगायला विसरू नका. बोटांनी इंग्रजी अक्षरं करणं बेलला चालायचं. त्याला खुपायची ती स्वतंत्र खुणांची भाषा.

१३. मग लेकराला मशीन लावू नये का? इम्प्लांट?

असं आम्ही कुठंच म्हटलेलं नाही. कानाचं मशीन असो की शस्त्रक्रियेनं आत बसवायचं इम्प्लांट, लावायचं की नाही हे घरचे आणि कानाचे डॉक्टर ठरवतील. लवकर तपासा, अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची गाडी येते तेव्हा विचारा. मशीनसोबत खुणाही शिकवल्या तर बोलणं बिघडतं ही भीती बेलच्या काळापासून चालत आली आहे. मशीन मिळेपर्यंत, बसेपर्यंत, सेल संपलेला असतो तेवढ्या दिवसांत लेकराला भाषा पाहिजेच.

१४. स्कॉलरशिपच्या पेपरात टेलिफोनचा शोध कोणी लावला?

बेल. मार्क घ्या. नंतर निवांत सांगा की एलिशा ग्रे या दुसऱ्या अमेरिकी संशोधकाचा कागद बेलच्या अर्जाच्याच दिवशी, १४ फेब्रुवारी १८७६ ला, पेटंट कार्यालयात पोचला होता, आणि मेऊची या इटालियन संशोधकानं १८७१ मध्येच नोंद केली होती.

१५. एडिसनच्या पुस्तकात पिवळं पान काहून नाही?

आहे, फिकट झालं आहे. एडिसनला स्वतःला लहानपणापासून कमी ऐकू यायचं, आणि आवाज साठवणारं यंत्र त्यानंच १८७७ मध्ये केलं. पुस्तकात हे एका ओळीत उरकलं होतं. आम्ही दुसरी ओळ जोडली.

१६. एवढं आहे तर बेलचं पुस्तक पेटीतून काढूनच टाका ना.

एका पालकांनी तसं लेखी दिलं. आम्ही टेलरला विचारलं. त्यानं पुस्तक परत माझ्या हातात दिलं आणि आणखी एक पान शिवल्याची खूण केली. म्हणून मागच्या कव्हराच्या आत अजून एक पान आलं: रॉबर्ट वाइटब्रेख्त. अमेरिकेतला बधिर भौतिकशास्त्रज्ञ. १९६४ मध्ये त्यानं जुनी टाइप करायची यंत्रं साध्या टेलिफोन लाइनला जोडण्याची युक्ती काढली आणि बधिर माणसांचा फोन सुरू झाला, बेलच्या पेटंटनंतर ८८ वर्षांनी. त्याचं चित्र गटातल्या मुलीनं काढलं आहे. त्याच्या हातात मोबाइल आहे आणि त्यावर व्हिडिओ कॉल चालू आहे. आम्ही दुरुस्त केलं नाही.

१७. आमच्या गावात पुस्तक आलं तेव्हा पिवळं पान सुटलं होतं. काय करू?

फेविकॉल नको, पान आखडतं. कणकेची पातळ खळ करा, चिमूटभर मोरचूद घाला म्हणजे वाळवी लागत नाही. मोरचूद विषारी आहे, तेव्हा हे काम मोठ्यांनी करावं आणि हात धुवावेत. फक्त डाव्या कडेला बोटभर लावा आणि रात्रभर पाट्याखाली दाबून ठेवा. पान हरवलं असेल तर पेटीच्या झाकणात खाकी पाकीट आहे, त्यात चार नकला आहेत. एक घ्या आणि वहीत लिहून ठेवा.